डोक्यावरची 'उजेडाची टोपी': मेंदूचं काम बघणारा प्रकाश काय सांगतो, काय शिकवतो आणि कुठे थांबतो

लाईट गेली की अंधारात टॉर्चवर तळहात ठेवायचा आणि बोटं लालभडक झालेली बघायची, हा खेळ लहानपणी बहुतेकांनी खेळलेला असतो. टॉर्चचा उजेड पांढरा असतो. मग बोटांतून पलीकडे येतो तो लालच का? त्यातला निळा आणि हिरवा कुठे जातो?

उत्तर सोपं आहे. निळा-हिरवा उजेड आपलं रक्त आणि कातडी पिऊन टाकते. लाल त्यातून वाट काढतो. आणि लालच्याही पुढे, डोळ्यांना न दिसणारा जो उजेड असतो, तो आणखी आत शिरतो. कातडीतून, मांसातून आणि चक्क कवटीच्या हाडातूनही. याच उजेडाला नियर-इन्फ्रारेड म्हणतात. शाळेच्या पुस्तकात 'अवरक्त किरण' म्हणून जे शिकवलं जातं, त्यातलाच हा दिसणाऱ्या लाल रंगाला अगदी लागून असलेला पट्टा.

या उजेडाच्या मदतीने मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते बाहेरून बघता येतं. इतकंच नाही, तर ते माणसाला स्क्रीनवर दाखवून त्याच्याकडून मेंदूचा सरावही करून घेता येतो. पॅरालिसिसचा झटका आलेल्या रुग्णांवर जपानमध्ये असे प्रयोग झाले आहेत. दुसरीकडे 'ब्रेन मॅपिंग' आणि 'ब्रेन ट्रेनिंग' हे शब्द आता जाहिरातींतही सर्रास दिसतात. मुलाचं अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून काळजीत असलेले आईवडील आणि अंगावरून वारं गेलेल्या माणसाला पुन्हा उभं करण्यासाठी धडपडणारी घरची मंडळी अशा शब्दांकडे आशेने बघतात. म्हणून ही टोपी नेमकी काय करते आणि काय करू शकत नाही, ते नीट समजून घेतलेलं बरं.

ऑक्सिमीटर आठवतो ना?

कोविडच्या काळात बोटाला चिमट्यासारखा लावायचा ऑक्सिमीटर घराघरांत पोचला. ९८ आला की जीव भांड्यात, ९० च्या खाली गेला की धावाधाव. तो ऑक्सिमीटर आणि मेंदू बघणारी ही टोपी एकाच तत्त्वावर चालतात.

रक्तात हिमोग्लोबिन असतं, तेच ऑक्सिजन वाहून नेतं. ऑक्सिजन भरलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन उतरवून मोकळं झालेलं हिमोग्लोबिन यांचा रंग वेगळा असतो. पहिलं लालचुटुक, दुसरं काळपट लाल. म्हणजे दोघं उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा उजेड सोडतो, एक लाल आणि एक इन्फ्रारेड. कुठला किती अडला यावरून रक्तात ऑक्सिजन किती हे तो काढतो. हे तत्त्व १९७४ मध्ये जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले अभियंता ताकुओ आओयागी यांनी मांडलं. त्यांचं निधन एप्रिल २०२० मध्ये झालं, म्हणजे त्यांचं यंत्र जगभर घरोघरी पोचायला लागलं त्याच दिवसांत.

बोट पातळ असतं, उजेड एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने पकडता येतो. डोक्याचं तसं नाही. कवटी, आत मेंदू, पुन्हा पलीकडे कवटी. मोठ्या माणसाच्या डोक्यातून आरपार उजेड मोजणं जवळजवळ अशक्यच.

हाडातून दिसलेला उजेड

ही अडचण असतानाही मेंदूपर्यंत उजेड पोचतो, हे दाखवून दिलं अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्स यॉब्सिस यांनी. मांसाबरोबर आलेलं एक चपटं हाड त्यांनी उजेडासमोर धरलं, तेव्हा त्यातून लालसर उजेड पलीकडे येताना दिसला. हाडातून लाल उजेड जातो, तर त्यापुढचा इन्फ्रारेड आणखी जाईल, हा त्यांचा तर्क. १९७७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा लेख आला. डोकं न उघडता, सुई न टोचता, मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज उजेडाने घेता येतो, असं त्यात दाखवलं होतं. या शास्त्राची सुरुवात तिथून मानतात.

हा उजेड आत जातो कारण शरीरात त्याच्यासाठी एक 'खिडकी' उघडी असते. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर लांबीच्या लहरी या खिडकीत येतात. त्याच्या अलीकडे रक्त उजेड अडवतं, पलीकडे पाणी अडवतं. मधल्या पट्ट्यात दोघंही थोडे ढिले पडतात आणि उजेड आत घुसतो.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, विशेषतः १९९३ मध्ये, जपान, जर्मनी आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या गटांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. माणूस विचार करत असताना, गणित सोडवत असताना मेंदूतल्या रक्तात होणारा बदल त्यांनी या उजेडाने टिपला. त्यातलं एक मोठं नाव म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे ब्रिटन चान्स. याच चान्स यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये शिडाच्या बोटींच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं होतं. इंग्रजी आद्याक्षरं जोडून या पद्धतीला आज 'एफ-निर्स' म्हणतात.

मेंदू राबतो तिथे रक्त धावतं

आपल्या वजनाच्या जेमतेम २ टक्के मेंदू असतो, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के एकटा तो खातो. आणि त्याच्याकडे साठवण जवळपास नाहीच. लागेल तसं ताजं रक्त यावं लागतं.

म्हणून मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे रक्ताचा पुरवठा वाढतो. उजवा हात हलवला की डाव्या बाजूच्या हालचालीच्या भागात, बोलायला लागलं की भाषेच्या भागात. शेतात ज्या वाफ्याला पाणी हवं त्या वाफ्याचं दार उघडावं, तसं. गंमत म्हणजे मेंदू गरजेपेक्षा जास्तच पाणी सोडतो. काम करणाऱ्या भागात ऑक्सिजन खर्च होतो, तरी तिथलं ऑक्सिजन भरलेलं हिमोग्लोबिन कमी न होता वाढतं आणि मोकळं हिमोग्लोबिन घटतं. एक वर, एक खाली, ही जोडी दिसली की तो भाग जागा झाला असं समजतात.

मात्र हे सगळं थोडं उशिरा होतं. विचार क्षणात येतो, पण रक्ताची ही लाट टोकाला पोचायला साधारण ५ ते ६ सेकंद लागतात. म्हणजे ही टोपी मेंदूतला विचार वाचत नाही. विचारामागून धावत आलेलं रक्त ती मोजते. 'तुमच्या मनातलं ओळखतो' असं कुणी या यंत्राच्या नावावर सांगत असेल, तर तिथेच सावध व्हायला हवं.

टोपीत असतं काय?

पोहताना घालतात तशी घट्ट टोपी किंवा कपाळाला बांधायचा पट्टा. त्यावर जागोजागी लहान दिवे आणि लहान डोळे, म्हणजे उजेड सोडणारे आणि उजेड पकडणारे भाग. दोघांमधलं अंतर मोठ्या माणसांत साधारण ३ सेंटीमीटर ठेवतात.

दिव्यातून निघालेला उजेड आत गेल्यावर सरळ जात नाही. धुक्यात गाडीच्या हेडलाईटचा उजेड जसा सगळीकडे पसरतो, तसा तो विखुरतो. त्यातला अगदी थोडा भाग वळून पुन्हा कातडीपाशी येतो आणि शेजारच्या डोळ्याला सापडतो. त्याचा मार्ग साधारण केळ्यासारखा वाकडा असतो. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला डोळा, आणि मधला फुगीर भाग मेंदूच्या वरच्या थराला चाटून गेलेला.

दिवे सहसा दोन लहरींचे असतात, उदाहरणार्थ ७६० आणि ८५० नॅनोमीटर. पहिल्या लहरीला मोकळं हिमोग्लोबिन जास्त अडवतं, दुसरीला ऑक्सिजन भरलेलं. दोन्हींतला फरक बघून कोण वाढलं, कोण घटलं याचा हिशेब संगणक करतो.

यात एक्स-रेसारखं रेडिएशन नाही, इंजेक्शन नाही, आवाज नाही, वेदना नाही. पण केळ्याचा तो फुगीर भाग कातडीपासून दीड-दोन सेंटीमीटरच्या आसपासच पोचतो. मेंदूच्या वरच्या पापुद्र्याखाली, खोलवर असलेले भाग, म्हणजे भीतीशी जोडलेले, स्मरणाशी जोडलेले, या टोपीला दिसतच नाहीत.

एमआरआय असताना हे कशाला?

एमआरआय खोलवरचं आणि जास्त बारीक दाखवतं, यात वाद नाही. पण त्या बोगद्यात निपचित पडून राहावं लागतं, धडधड आवाज सहन करावा लागतो. तान्ह्या बाळाला 'हलू नकोस' सांगणार कोण? चालणाऱ्या, तोल सावरणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाचा मेंदू बोगद्यात कसा बघणार? ईईजी मेंदूतली वीज क्षणाक्षणाला टिपतो, पण ती नेमकी कुठून आली हे सांगण्यात तो कच्चा. एफ-निर्स या दोघांच्या मधला आहे. जागा बऱ्यापैकी सांगतो, वेळ बऱ्यापैकी सांगतो, आणि माणूस हलला तरी बरंच चालवून घेतो.

बाळांची कवटी पातळ, केस विरळ. त्यामुळे उजेड सहज आत जातो. २००३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी जेमतेम काही दिवसांच्या बाळांना झोपेत माणसाचं बोलणं ऐकवलं, आणि तेच बोलणं उलटं फिरवूनही ऐकवलं. सरळ बोलणं चालू असताना बाळांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची लाट जास्त दिसली, उलट्या बोलण्याला तशी नाही. म्हणजे पाळण्यातल्या बाळाचा मेंदूही भाषेला भाषा म्हणून वेगळं धरतो. घरात मराठी, अंगणात कन्नड, बाजारात हिंदी ऐकत वाढणाऱ्या सीमाभागातल्या मुलांच्या आईवडिलांना याचं आश्चर्य वाटणार नाही, पण ते मोजून दाखवता आलं ही मोठी गोष्ट.

ऐकू न येणाऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट बसवल्यावरही ही पद्धत उपयोगी पडते. त्या यंत्रात चुंबक असतं, त्यामुळे एमआरआयला अडचण येते. उजेडाला चुंबकाचं काही देणंघेणं नाही. मूल आवाजाला कसा प्रतिसाद देतंय हे बघायला संशोधक टोपीच वापरतात.

बघण्यापासून शिकण्यापर्यंत

आता मुख्य मुद्दा, सरावाचा.

सायकल शिकताना तोल गेला की लगेच कळतं, म्हणून शरीर सुधारत जातं. मेंदूचा कुठला भाग किती जागा झाला, हे मात्र आपल्याला आतून कळत नाही. ते स्क्रीनवर दाखवलं तर? एक पट्टी ठेवली, जी तो भाग जागा झाला की वर चढेल आणि झोपला की खाली येईल. माणूस पट्टीकडे बघत वेगवेगळे प्रयत्न करतो आणि ज्याने पट्टी चढते ते पुन्हा करतो. याला न्यूरोफीडबॅक म्हणतात. ईईजीवर हे १९६० च्या दशकापासून चालत आलंय, उजेडाच्या टोपीने ते नंतर सुरू झालं.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. या सरावात उजेड मेंदूला काहीही करत नाही. तो फक्त आरसा आहे. मेहनत माणसानेच करायची असते.

सगळ्यात ठोस काम झालं ते झटका आलेल्या रुग्णांवर. हात लुळा पडलेल्या रुग्णाला फिजिओथेरपीत कधी कधी सांगतात, 'हात हलतोय अशी कल्पना करा.' मनातल्या मनात हालचाल केली तरी मेंदूतले हालचालीचे भाग काही प्रमाणात जागे होतात. पण रुग्ण खरंच तशी कल्पना करतोय की नुसता डोळे मिटून पडलाय, हे ना त्याला कळतं ना थेरपिस्टला.

ओसाकातल्या संशोधकांनी यावर टोपीचा उपाय केला. २० रुग्ण घेतले. सगळ्यांना नेहमीचे उपचार चालूच होते. जोडीला बोटं हलवण्याची कल्पना करायची आणि स्क्रीनवर पट्टी बघायची. निम्म्यांना त्यांच्या स्वतःच्या मेंदूची खरी पट्टी दाखवली, निम्म्यांना भलतीच, त्यांच्या प्रयत्नाशी संबंध नसलेली. कुणाला कुठली, ते रुग्णांना माहीत नव्हतं. अशी ६ सत्रं झाली. खरी पट्टी बघणाऱ्यांच्या हाताची-बोटांची हालचाल जास्त सुधारली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यानंतर २०२१ मध्ये मोठा अभ्यास आला. ५४ रुग्ण, यावेळी चालणं आणि तोल. त्यात एक साधी चाचणी होती. खुर्चीवरून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं आणि परत येऊन बसायचं, याला किती सेकंद लागतात ते मोजायचं. खरी पट्टी बघणाऱ्यांचा वेळ सरासरी सुमारे १३ सेकंदांनी कमी झाला, खोटी बघणाऱ्यांचा साडेपाच सेकंदांच्या आसपास.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना या सात-आठ सेकंदांचं मोल सांगायला नको. पलंगापासून संडासापर्यंत कुणाचा हात न धरता जाता येणं यातच येतं. पण दोन गोष्टी नीट वाचायला हव्यात. पहिली, खोटी पट्टी बघणारेही सुधारले, कारण त्यांची नेहमीची फिजिओथेरपी चालू होती. दुसरी, पट्टी ही त्या थेरपीच्या जोडीला होती, तिच्या जागी नव्हती. रोजचा व्यायाम सोडून टोपीच्या मागे लागणं म्हणजे भाकरी सोडून लोणच्यावर जेवण काढणं.

मुलांच्या लक्षाचं काय?

जाहिरातींचा जोर असतो तो इथे. मूल एका जागी बसत नाही, लक्ष टिकत नाही, डॉक्टर एडीएचडी म्हणतात, आणि गोळ्या नकोशा वाटतात. मग मेंदूच्या सरावाचं पॅकेज आकर्षक वाटणारच.

उजेडाच्या टोपीने एडीएचडीच्या मुलांवर झालेले प्रयोग आहेत, जर्मनीत काही झाले, पण ते लहान आहेत. ईईजीच्या न्यूरोफीडबॅकवर मात्र एक चोख अभ्यास अमेरिकेत झाला. ७ ते १० वर्षांची १४४ मुलं, प्रत्येकाला ३८ सत्रं. काहींना खरा फीडबॅक, काहींना खोटा, आणि मुलं, पालक, तपासणारे कुणालाच कोण कुठल्या गटात ते ठाऊक नाही. निकाल २०२१ मध्ये छापून आला. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, पण खऱ्या आणि खोट्या गटात म्हणावा असा फरक सापडला नाही.

म्हणजे मुलं सुधारली ती खोटी नव्हती. नियमित यायचं, शांत बसून एका गोष्टीवर लक्ष धरायचं, मोठ्या माणसाने कौतुकाने बघायचं, रात्रीची झोप आणि खाणं सुधारायचं, याचा गुण आलाच. पण तो मेंदूच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राचा खास गुण होता, हे सिद्ध झालं नाही. 'शेजारच्या मुलाला फरक पडला' या वाक्यावर हजारो रुपये मोजण्याआधी हा फरक कशाने पडला ते विचारायला हवं.

केस, कातडी आणि कपाळाचं रक्त

यंत्राच्या स्वतःच्याही मर्यादा आहेत, आणि त्यातल्या काही आपल्याला जास्त लागू होतात.

उजेड मेंदूपर्यंत जाताना आणि येताना कातडीतून जातो. कातडीतही रक्त आहेच. माणूस घाबरला, लाजला, जोर लावला की कपाळाचं रक्त वाढतं. टोपी त्यालाच मेंदूचं काम समजून बसू शकते. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की कपाळावर मिळणाऱ्या खुणेचा मोठा भाग कातडीतल्या रक्ताचा असू शकतो. यावर उपाय आहे. दिव्याला अगदी चिकटून, ८ मिलिमीटरच्या आसपास, आणखी एक डोळा बसवायचा. त्याला फक्त कातडीच दिसते, ती वजा करायची. चांगल्या यंत्रांत हे असतं, स्वस्त कपाळपट्ट्यांत बऱ्याचदा नसतं.

दुसरी अडचण केसांची. काळे, दाट केस उजेड गिळतात. कातडीतलं मेलॅनिनही तेच करतं. ऑक्सिमीटरच्या बाबतीत हे २०२० मध्ये अमेरिकेत ठळकपणे पुढे आलं. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन धोकादायक कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के निघालं. टोपीलाही हाच प्रश्न आहे. गोऱ्या, विरळ केसांच्या माणसांवर ठरलेले आकडे आपल्याकडच्या सावळ्या कातडीला आणि तेल लावलेल्या दाट वेणीला जसेच्या तसे लागू पडतील, हे गृहीत धरता येत नाही.

निदानाचा प्रश्न

जपानमध्ये ही पद्धत मानसिक आजारांच्या निदानाला मदत म्हणून २०१४ पासून सरकारी विमा योजनेत घेतली आहे. रुग्णाला एका अक्षरापासून सुरू होणारे शब्द सांगायला लावतात आणि तेव्हा कपाळामागच्या मेंदूत रक्ताची लाट कशी चढते-उतरते ते बघतात. त्या वर्षी आलेल्या अभ्यासात नैराश्याचे सुमारे ७५ टक्के आणि बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियाचे सुमारे ८५ टक्के रुग्ण या लाटेवरून बरोबर ओळखले गेले.

आकडे मोठे वाटतात, पण उलटा हिशेब करा. नैराश्याच्या चारांतला एक चुकीच्या रकान्यात गेला. म्हणूनच तिथेही हा मानसोपचारतज्ज्ञाच्या तपासणीला आधार आहे, तिची जागा घेणारा निकाल नाही. नुसत्या रंगीत चित्रावरून 'तुम्हाला डिप्रेशन आहे' असं कुणी सांगितलं तर तो निकाल शास्त्राच्या पुढे पळालेला समजावा.

उजेडाने उपचार ही वेगळी गोष्ट

बाजारात डोक्यावर इन्फ्रारेड उजेड टाकून मेंदू 'ताजातवाना' करणारी हेल्मेटंही मिळतात. त्यांची गल्लत या टोपीशी करू नये. टोपी मोजते, हेल्मेट उपचार करण्याचा दावा करतं. झटक्याच्या रुग्णांना डोक्यावर इन्फ्रारेड लेसर देऊन बघण्याचे तीन मोठे अभ्यास झाले. २००७ मधला पहिला आशादायक होता, दुसऱ्यात ठोस फायदा सिद्ध झाला नाही, आणि तिसरा उपयोग होत नसल्याचं दिसल्यावर मध्येच थांबवावा लागला. या विषयावर संशोधन चालू आहे, पण विकत घेण्याजोगं उत्तर अजून हातात नाही.

मोजमाप अचूक असलं तरी रुग्ण बरा होईलच असंही नाही. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या मेंदूतला ऑक्सिजन या उजेडाने सतत बघत उपचार करायचे, असा १६०१ बाळांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा यांत त्याने घट झाली नाही. डोळ्यांना दिसणं आणि त्यावर काय करायचं हे कळणं, यात अंतर असतं.

आपल्याकडे उपयोग कुठे?

सीमाभागाच्या दृष्टीने सगळ्यात जवळचा उपयोग सरावाचा नसून अपघाताचा आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग, चोर्ल्याचा घाट, खानापूर तालुक्यातले जंगलातले रस्ते. दुचाकी घसरली, डोक्याला मार लागला, माणूस बोलतोय, चालतोय, पण आत रक्तस्राव होतोय का हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. आणि सीटी स्कॅन गावात नसतं.

साचलेलं रक्त इन्फ्रारेड उजेड जास्त शोषतं. म्हणून डोक्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला त्याच जागी उजेड टाकून फरक बघितला, तर आत रक्त साचल्याचा संशय घेता येतो. हातात मावणारी अशी यंत्रं अमेरिकेत २०११ पासून मान्यताप्राप्त आहेत. भारतातही आयसीएमआर, भोपाळचं एम्स, बेंगळुरूचं निम्हान्स आणि अहमदाबादची बायोस्कॅन रिसर्च यांच्या सहभागातून 'सेरेबो' नावाचं असं यंत्र तयार झालं आहे. ते मिनिटाभरात रंगाच्या खुणेने धोका आहे की नाही हे दाखवतं.

हे यंत्र सीटी स्कॅनची जागा घेणारं नाही. खोलवरचा किंवा अगदी थोडा रक्तस्राव उजेडाला निसटू शकतो. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा १०८ च्या गाडीत ते असलं, तर 'इथेच ठेवायचं की थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं' हा निर्णय लवकर होऊ शकतो. डोक्याच्या मारात तो अर्धा-पाऊण तासच जिवाचा असतो. अशी यंत्रं तालुक्याच्या पातळीवर यावीत, ही मागणी करायला कुठल्याही बाजूच्या लोकप्रतिनिधीला भाषेची अडचण येणार नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

कुठल्याही केंद्रात मेंदूची तपासणी किंवा सराव सुचवला, तर हे साधे प्रश्न विचारावेत.

- हे यंत्र मोजतं की उपचार करतं? मोजत असेल तर काय मोजतं, वीज की रक्त?
- कातडीतलं रक्त वजा करण्याची सोय त्यात आहे का?
- आजाराचं निदान कुणी केलं, पात्र डॉक्टरने की यंत्राच्या अहवालाने?
- खोट्या फीडबॅकशी तुलना केलेला अभ्यास या आजारावर झाला आहे का?
- किती सत्रांनंतर काय सुधारलं तर थांबायचं, आणि नाही सुधारलं तर थांबायचं कधी?
- चालू गोळ्या किंवा फिजिओथेरपी बंद करायला सांगताहेत का? तसं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नये.

प्रामाणिक केंद्राला या प्रश्नांचा राग येणार नाही. तिथली माणसं उत्तरं देतील आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणतील.

टॉर्चवर हात ठेवणाऱ्या पोराला बोटांतला लाल उजेड दिसतो, आतली हाडं दिसत नाहीत. ही टोपीही तशीच आहे. मेंदूच्या वरच्या थरात रक्त कुठे धावतंय एवढं ती दाखवते, आणि तेवढ्यावरसुद्धा एखाद्या रुग्णाला पुन्हा चालायला मदत होऊ शकते. त्याहून जास्त तिच्या नावावर कुणी विकत असेल, तर पाकीट खिशातच ठेवावं.